सन्मानफलकावर अकराच नावं का? कॉलेजच्या फुटबॉल टीमबद्दल खुलं पत्र

प्रति,
मा. प्राचार्य, जिमखाना कमिटी आणि माजी विद्यार्थी संघाचे सगळे पदाधिकारी,

सप्रेम नमस्कार.

नव्या जिमखान्याच्या भिंतीवर जो ग्रॅनाईटचा सन्मानफलक लागणार आहे त्याची यादी आणि सत्काराचं आमंत्रण मला मिळालं. यादीत माझं नाव आहे. हे आधीच सांगतोय, कारण नाहीतर पहिली प्रतिक्रिया येणार की याचं नाव राहिलं म्हणून हा जळतोय. नाव आहे, स्पेलिंगसकट बरोबर आहे, आणि तरीही ही यादी मला मान्य नाही. आधी साधा अर्ज दिला, मग मेल केला, मग एका पदाधिकाऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, "बघू की, आता यादी फायनल झालीय." बघू म्हणजे काय हे आपल्याकडं सगळ्यांना कळतं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय.

कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कोल्हापुरातलं आहे एवढं पुरे. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि बाकीच्यांनी आपापल्या कॉलेजचं नाव घालून वाचलं तरी फार फरक पडणार नाही असं मला वाटतंय.

कमिटीनं निकष लावलाय तो असा: प्रत्येक वर्षीचा कॅप्टन, युनिव्हर्सिटी कलर मिळालेले खेळाडू, आणि ज्या वर्षी आपण झोनल, म्हणजे कॉलेजांची विभागीय स्पर्धा, जिंकलं त्या वर्षी फायनल खेळलेले अकरा. बास. ऐकायला एकदम व्यवस्थित वाटतं. पण कलर हा कॉलेजसाठी किती राबलास म्हणून मिळत नाही, युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये निवड झाली म्हणून मिळतो. म्हणजे आपल्या कॉलेजनं आपल्या पोरांचा सन्मान करताना माप दुसऱ्याच्या घरचं आणलंय. मला कलर मिळाला, मी मिडफिल्डला होतो, पायात बरं होतं, निवड समितीसमोर त्या दिवशी चांगला खेळलो. पण त्या निवडीपर्यंत मी ज्यांच्याशी रोज धडका घेऊन पोचलो ती पोरं या यादीत कुठंच नाहीत.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. कोल्हापुरात फुटबॉल पेठेचा आहे. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ, फुलेवाडी अशा टीमा, त्यातल्या कितीतरी मूळच्या तालमी, कुस्तीच्या मातीतनं आलेल्या. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार असली की मंगळवार पेठेत आणि रविवार पेठेत कामाचं कुणी नाव काढत नाही. केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, वरिष्ठ गटात खेळणारा पोरगा चौकात ओळखला जातो, त्याचा फ्लेक्स लागतो, गोल मारला की दुसऱ्या दिवशी पेपरात नाव. अनिकेत जाधव २०१७ ला भारताकडनं १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपला खेळला तेव्हा अख्ख्या गावानं ते आपल्या घरचं कार्य असल्यासारखं बघितलं. तर आपल्या कॉलेजच्या टीममधले स्टार बहुतेक या पेठांतलेच. त्यांना कॉलेजच्या फलकाची तशी काय गरज नाही, त्यांचं नाव पेठेनं आधीच ठेवलंय.

पण टीममध्ये अर्धी पोरं हॉस्टेलची असायची. चंदगड, आजरा, भुदरगड, राधानगरीकडची. गडहिंग्लजची तर असायचीच, कारण तिथं फुटबॉल कोल्हापूरइतकाच मुरलेला आहे. या पोरांना इथं तालीम नाही, पेठ नाही, ओळखणारा चौक नाही. कॉलेजची जर्सी हीच त्यांची एकमेव जर्सी. आणि नेमकी हीच पोरं यादीतनं गेलीत. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, पण निकषच असा लावलाय की ज्यांच्याकडं आधीच आहे त्यांनाच परत मिळावं.

आता माझ्या तक्रारी. जमेल तेवढ्या क्रमानं सांगतो.

पहिली म्हणजे फोटो. झोनल जिंकलेल्या वर्षीची अकरा नावं कुठनं घेतली म्हणून चौकशी केली तर कळलं की ऑफिसातल्या फ्रेम केलेल्या फोटोवरनं. आता तो फोटो कसा निघाला हे तुमच्यातल्या दोघांना तरी चांगलं माहितीय. फायनलच्या आधी फोटोग्राफर आला, सर म्हणाले लवकर उभारा, ज्यांच्या अंगात जर्सी होती ते उभारले. जर्स्या किती होत्या? टीमच्या यादीत अठरा पोरं आणि धड जर्स्या चौदा, त्यातल्या दोन वॉर्म-अपला घामेजलेल्या म्हणून वाळत घातलेल्या. राखीव पोरं पिशव्या, पाणी, आइस बॉक्स घेऊन बाजूला होती आणि एकानं तर फोटोग्राफरची छत्री धरलेली. त्या फोटोवरनं इतिहास लिहायचा असेल तर मग छत्रीचंही नाव घाला.

खरं रेकॉर्ड तुमच्याकडंच आहे. प्रत्येक वर्षी स्पर्धेला जाताना एंट्री फॉर्म भरावा लागतो, त्यावर प्रत्येक खेळाडूचं नाव, वर्ग, जन्मतारीख, फोटो, आणि खाली फिजिकल डायरेक्टर आणि प्राचार्यांची सही आणि शिक्का. त्याशिवाय टीमला खेळूच देत नाहीत. म्हणजे त्या अठरांना "हे आमचे खेळाडू" असं कॉलेजनं त्या वेळी सही करून लिहून दिलंय. आता फलक लावताना त्यातले सात कमी कसे काय झाले?

दुसरी तक्रार प्रॅक्टिसबद्दल, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

जे लोक फक्त मॅच बघतात त्यांना वाटतं टीम म्हणजे मैदानात उतरलेले अकरा. पण अकरा जणांची प्रॅक्टिस अकरा जणांत होत नाही. समोर अजून अकरा लागतात, ते जमले नाहीत तर आठ लागतात, आणि ते आठ कोण? ज्यांना मॅचला उतरायला मिळणार नाही हे त्यांनाही माहितीय आणि सरांनाही. आमच्यातले पेठेतले खेळाडू, खरं सांगायचं तर, प्रॅक्टिसला आले तर आले. पुढं लीग आहे, पाय सांभाळायला पाहिजे, तालमीत संध्याकाळी वेगळी प्रॅक्टिस असते. त्यात त्यांची चूक नाही, कोल्हापुरात तसंच चालतं. पण सकाळी सहाला मैदानावर जी पोरं असायची ती हीच, राखीव. थंडीत, दवात ओल्या झालेल्या मैदानावर चुन्याची फक्की मारण्यापासनं बॉलमध्ये हवा भरण्यापर्यंत सगळं त्यांनीच करायचं.

आमचा दुसरा गोलकीपर घ्या. पहिला कीपर पेठेतला, नाव असलेला, आणि खरंच भारी. त्यामुळं दुसऱ्याला तीन वर्षांत इंटरकॉलेजला एकदाही उतरायला मिळालं नाही. पण शूटिंगच्या प्रॅक्टिसला उभा कोण राहायचा? हाच. आम्ही आठ-दहा जण लाईन लावून एकामागोमाग एक मारायचो आणि हा डावीकडं, उजवीकडं पडत राहायचा, कोपरं सोलटलेली, ग्लोव्ह्ज पहिल्या कीपरनं टाकून दिलेले. लांबनं खाली ठेवून मारायची जी सवय मला लागली, जिच्यामुळं निवड समितीला मी दिसलो, ती या माणसानं मला लावली. वरचे सगळे बॉल तो काढायचा आणि म्हणायचा, "अरे खाली मार की, वर काय मारतोस." कोचिंग म्हणजे अजून वेगळं काय असतं?

अजून एक सांगतो. फायनलला समोरच्या टीमचा जो विंगर होता तो डावखुरा होता, आत कट मारून यायचा. आमच्या सरांनी राखीवमधल्या एका पोराला सांगितलं की तू आठवडाभर तो विंगर हो. हा उजव्या पायाचा, पण आठवडाभर डाव्या पायानं खेळला, तसाच कट मारून आत यायचा, आमच्या राईट बॅकला रोज चकवायचा आणि रोज शिव्या खायचा. फायनलला तो खरा विंगर आमच्या राईट बॅकला एकदाही चकवू शकला नाही, आणि आम्ही एक-शून्यनं जिंकलो. पेपरात राईट बॅकची तारीफ आली, बरोबरच आली. पण आठवडाभर डाव्या पायानं पळालेल्या पोराचं नाव तेव्हाही कुठं आलं नाही आणि आता तुमच्या फलकावरही नाही.

तिसरी तक्रार जखमी खेळाडूंची. सेमीफायनलला आमचा स्टॉपर, म्हणजे मधला डिफेंडर, टॅकल करताना पडला आणि गुडघ्याचं लिगामेंट गेलं. तोपर्यंत प्रत्येक मॅच तो पूर्ण वेळ खेळलेला. फायनल त्याच्याऐवजी दुसरा खेळला, म्हणून निकषाप्रमाणं दुसऱ्याचं नाव आहे आणि याचं नाही. निकषाचा हा अर्थ होतोय हे कमिटीच्या लक्षात तरी आलंय का? ऑपरेशनचा खर्च त्याच्या घरच्यांनी केला, थोडी वर्गणी आम्ही काढली, कॉलेजकडनं काही मिळालं नाही कारण तशी तरतूद नव्हती. पुढं तो खेळलाच नाही. फॅक्टरीत उभं राहायचं काम मिळत होतं ते गुडघ्यामुळं सोडावं लागलं. या माणसाला ग्रॅनाईटवर एक ओळ देता येत नाही?

चौथी, मुलींची टीम. तिच्याबद्दल यादीत एक अक्षरही नाही. अकरा जमवायला हॉकीतल्या, खो-खोतल्या, ॲथलेटिक्सच्या मुलींना बोलवायला लागायचं, बेंचवर कुणीच नसायचं, कुणाला लागलं तर दहा जणी खेळायच्या. युनिव्हर्सिटी कलर कुणाला मिळाला नाही म्हणून कुणीच नाही. ज्या टीमला राखीव खेळाडूच नव्हते तिला तुमचा निकष लावायचा तरी कसा? पहिल्यांदा बूट घालून उतरल्या हेच त्या वेळी केवढं होतं. यावर खरंतर त्यांच्यापैकीच कुणीतरी लिहावं, मी एवढ्यावरच थांबतो.

पाचवी बारीक आहे पण बोलतो. फलकाच्या वर देणगीदारांची नावं येणार आहेत आणि ती खेळाडूंच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात. देणगी दिली त्याबद्दल खरंच आभार, त्याशिवाय जिमखाना झाला नसता. पण अक्षर सारखं ठेवलं तर कुणाचं काय जाणार आहे?

आता कमिटीकडनं जी कारणं माझ्या कानावर आलीत त्यांचं बघू.

जागा पुरणार नाही म्हणतात. वर्षाला अठरा नावं धरली आणि पंचवीस वर्षं धरली तर साडेचारशे नावं होतात, त्यातही एकच पोरगा दोन-तीन वर्षं खेळलेला असतो म्हणजे खरी नावं त्याहून कमी. साडेचारशे नावं एका भिंतीवर आरामात बसतात. अक्षर बारीक करा. नाहीतर दोन फलक लावा, भिंत रिकामीच आहे, मी बघून आलोय.

दुसरं कारण, कुठंतरी रेष मारायलाच लागते, जगात सगळीकडं खेळलेल्यालाच मेडल मिळतं. हे मात्र चुकीचं आहे आणि यावर बोलायलाच पाहिजे. पूर्वी तसं होतं. फुटबॉल वर्ल्ड कपमध्ये १९७४ पर्यंत विजेत्यांची मेडल फक्त फायनल खेळलेल्यांनाच मिळायची. त्याचा परिणाम काय झाला बघा. १९६२ च्या वर्ल्ड कपला पेलेला दुसऱ्याच मॅचमध्ये लागलं, ब्राझील त्याच्याशिवाय जिंकलं, आणि पेलेला त्या वर्ल्ड कपचं मेडल नव्हतं. पेलेला! १९६६ ला इंग्लंडचा जिमी ग्रीव्ह्ज, त्यांचा सगळ्यात नावाजलेला गोल मारणारा, फ्रान्सविरुद्ध जखमी झाला, त्याच्या जागी जेफ हर्स्ट आला, हर्स्टनं फायनलमध्ये तीन गोल मारले आणि ग्रीव्ह्ज सूट घालून बाहेर बसला. त्या वेळी बदली खेळाडू उतरवायची सोयच नव्हती, वर्ल्ड कपमध्ये ती १९७० ला आली. म्हणजे जो फायनलच्या सुरुवातीच्या अकरात नाही तो संपला.

शेवटी फिफानं काय केलं? २००७ मध्ये निर्णय घेतला की १९३० ते १९७४ पर्यंतच्या सगळ्या विजेत्या टीममधल्या, न खेळलेल्या खेळाडूंनाही मेडल द्यायची. पेलेला १९६२ चं मेडल ४५ वर्षांनी मिळालं. इंग्लंडचे राहिलेले अकरा जण २००९ च्या जूनमध्ये लंडनला पंतप्रधानांच्या निवासस्थानी बोलावले गेले आणि तिथं त्यांना मेडल दिली, बहुतेक सत्तरीच्या आसपास पोचलेली माणसं. म्हणजे तुम्ही आज जो निकष लावताय तो फिफानं चुकीचा म्हणून मागं घेतलाय. आपण मागं घेतलेला नियम नव्यानं ग्रॅनाईटवर कोरायला निघालोय.

फिफा लांबची वाटत असेल तर आपल्या विधान भवनात बघा. २०२४ चा टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकल्यावर तिथं मुंबईच्या चार खेळाडूंचा सत्कार झाला, रोहित शर्मा, सूर्यकुमार यादव, शिवम दुबे आणि यशस्वी जयस्वाल. यशस्वीला त्या अख्ख्या वर्ल्ड कपमध्ये एकही मॅच मिळाली नव्हती. कुणी म्हणालं का की याला का बोलावलं? कुणाच्या मनातही आलं नाही. नेटमध्ये तो होता, टीममध्ये तो होता, तर सत्कारातही असणारच. क्रिकेटला लागतं ते फुटबॉलला का लागत नाही?

आणि एक अमेरिकेतली गोष्ट, तिकडचं फुटबॉल म्हणजे अंड्यासारखा बॉल हातात घेऊन पळायचा प्रकार, आपला नव्हे, पण गोष्ट कॉलेजचीच आहे म्हणून सांगतो. टेक्सास ए अँड एम युनिव्हर्सिटीची २ जानेवारी १९२२ ला डॅलसमध्ये सेंटर कॉलेजशी मॅच होती. त्यांची पोरं एकामागनं एक जखमी व्हायला लागली. ई. किंग गिल नावाचा एक विद्यार्थी, आधी टीममध्ये होता, मग बास्केटबॉलसाठी बाहेर पडलेला, तो वर बसून मॅच बघत होता. कोचनं त्याला खाली बोलावलं, त्यानं एका जखमी खेळाडूचा ड्रेस चढवला आणि मॅच संपेपर्यंत तयारीत कडेला उभा राहिला. टीम २२-१४ नं जिंकली, त्याला एक मिनिटही खेळायला लागलं नाही. आज त्यांच्या स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे. आणि त्याच्या आठवणीसाठी टीममधली १२ नंबरची जर्सी स्कॉलरशिप नसलेल्या, स्वतःहून येऊन राबणाऱ्या खेळाडूला देतात. शंभर वर्षं होऊन गेली तरी न खेळलेल्याची आठवण काढतात. आपल्याला पुतळा नको, एक ओळ पाहिजे.

तिसरं कारण मला सगळ्यात जास्त लागलं, की सगळ्यांचीच नावं घातली तर खेळलेल्यांची किंमत काय राहिली. मी खेळलेल्यांपैकी आहे म्हणून याचं उत्तर मीच देतो. माझी किंमत एका पैशानंही कमी होत नाही. उलट माझं एकट्याचं नाव लागलं आणि आमच्या दुसऱ्या कीपरचं नाही लागलं तर त्या फलकाखालनं जाताना मला मान खाली घालावी लागेल. त्या टीममधल्या सात-आठ जणांशी या आठवड्यात बोललोय, यादीत असलेल्यांशी, सगळ्यांचं हेच म्हणणं आहे. पंगतीत वाढणाऱ्यांनी जेवायचंच नाही असला हा हिशोब आमच्यापैकी कुणालाच नकोय. गोल किती मारले, कॅप्टन कोण, कलर कुणाला, हे नावापुढं खूण करून जरूर दाखवा. खूण वेगळी ठेवा, नाव गाळू नका.

आपल्या गावात हे मला सांगायला लागतंय याचंच जास्त वाईट वाटतं. खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीला गेले ते कुणाच्या जोरावर? राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. मेडल जिंकायच्या आधी, कुणाला काय माहीत नसताना, एका प्राचार्यानं आपल्या विद्यार्थ्यासाठी हे केलं. आणि ब्राँझ मेडल आणलेल्या त्याच खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो ते १९८४ ला गेल्यावर कितीतरी वर्षांनी. स्वतंत्र भारताला वैयक्तिक ऑलिंपिक मेडल पहिल्यांदा मिळवून देणाऱ्या माणसाच्या बाबतीत असं होऊ शकतं तर राखीव गोलकीपरची कोण आठवण ठेवणार, असं तुम्ही म्हणाल. मी म्हणतो नेमकं म्हणूनच कॉलेजनं ठेवायला पाहिजे. सरकार, पेपर, निवड समिती यांना ते पोरगं माहितीच नसतं. त्याला सकाळी सहाला मैदानावर बघितलेलं असतं ते फक्त कॉलेजनं.

तर मागण्या अशा आहेत.

१. फलकावर प्रत्येक वर्षीच्या एंट्री फॉर्मवरची सगळी नावं यावीत. खेळला, नाही खेळला, जखमी झाला, असला भेद नको. कॅप्टन आणि कलर असलेल्यांच्या नावापुढं खूण करावी.

२. कोरायच्या आधी कच्ची यादी निदान एक महिना नोटीस बोर्डावर आणि माजी विद्यार्थी संघाच्या ग्रुपवर लावावी आणि दुरुस्त्या घ्याव्यात. ज्या वर्षाचे फॉर्म सापडत नाहीत त्या वर्षीचा कॅप्टन आणि त्या वेळचे सर यांनी मिळून लिहून दिलेली यादी धरावी.

३. एंट्री फॉर्मवर नाव नसताना वर्षभर प्रॅक्टिसला आलेली पोरं होती, त्यांचीही नावं त्याच यादीत, त्याच अक्षरात घ्यावीत. यात कुणी घुसखोरी करेल अशी भीती असेल तर त्या वर्षीच्या पाच खेळाडूंच्या सह्या मागा. खोट्या माणसाला पाच सह्या मिळणार नाहीत, आमच्यात तर नाहीच नाही.

४. मुलींच्या टीमची यादी पूर्ण. त्यांच्यासाठी वेगळा कोपरा वगैरे नको, त्याच फलकावर.

५. सत्काराच्या दिवशी एकेकाला शाल-श्रीफळ देण्याऐवजी वर्षावार पूर्ण टीमला एकत्र स्टेजवर बोलवा. शाली नसल्या तरी चालतील, फोटो मात्र सगळ्यांचा निघाला पाहिजे. जी पोरं मुंबई, पुणे, गोव्याकडं कामाला आहेत किंवा ज्यांना एका दिवसाची रजा म्हणजे एका दिवसाचा पगार आहे त्यांच्या येण्या-जाण्याचा खर्च आम्ही जुने खेळाडू वर्गणी काढून करतो, कॉलेजनं फक्त रीतसर आमंत्रण पाठवावं. आमंत्रणाचा कागद दाखवला की सुपरवायझर रजा देतो, नुसत्या फोनवर देत नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

६. ही मागणी आत्ताच्या टीमसाठी आहे आणि माझ्या मते फलकापेक्षा महत्त्वाची आहे. यादीतल्या सगळ्या पोरांना जर्सी मिळावी, नुसत्या अकरांना नाही. सगळ्यांना एकसारखं सर्टिफिकेट मिळावं. प्रॅक्टिसमध्ये किंवा मॅचमध्ये लागलं तर उपचाराच्या खर्चासाठी विमा किंवा जिमखाना फंडातनं ठराविक तरतूद करावी, आणि ते लेखी करावं. प्रत्येक विद्यार्थ्याकडनं प्रवेशाच्या वेळी जिमखाना फी घेतली जाते, तिच्यातनं एवढं निघत नसेल तर कुठं खर्च होते ते एकदा सांगावं. आमच्या स्टॉपरचं जे झालं ते परत व्हायला नको.

यातली एकही मागणी पैशानं भारी नाही, सहावी सोडली तर. आणि सहावीसाठी माजी विद्यार्थी संघानं हात वर केला तर आम्ही पहिली रक्कम घालतो.

मैदानावरच्या मामांबद्दल मी यात काही लिहिलं नाही कारण ते खेळाडू नाहीत, पण फक्की, नेट, पाण्याचा पाईप आणि आमच्या सायकलींवर लक्ष हे सगळं त्यांनी रिटायर होईपर्यंत बघितलं. त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची द्या एवढी तोंडी विनंती आहे, तिला नंबर देत नाही.

कारागिराकडं दगड गेलाय पण कोरायला अजून सुरुवात नाही असं मला परवाच कळलं. म्हणजे अजून वेळ आहे. तोपर्यंत माझं नाव यादीतनं काढून ठेवावं ही विनंती. सत्कार नाकारतोय असं कृपा करून समजू नका, तो मला पाहिजे, कुणाला नको असतो. पूर्ण टीमची यादी झाली की त्यात आडनावाप्रमाणं माझा जो नंबर येईल तिथं घाला आणि मी सहकुटुंब येतो.

या पत्राला लेखी उत्तर मिळावं. "बघू" चालणार नाही.

आपला,
फुटबॉल टीमचा एक माजी खेळाडू

ता.क. आमच्या वर्षीच्या एंट्री फॉर्मची झेरॉक्स माझ्याकडं आहे, अठरा नावं, प्राचार्यांची सही, गोल शिक्का, सगळं स्वच्छ दिसतंय. जिमखान्यातली प्रत सापडत नसेल तर मी आणून देतो. इतर वर्षांच्या कॅप्टननी आपापल्या घरी फाईली बघाव्यात, आईनं रद्दीत घातली नसेल तर मिळेल.